दाढीनंतर मानेवर दर वेळी पुटकुळ्या येतात? ब्लेड बदलण्याआधी केसांची दिशा तपासा

‘मला दाढी सोसत नाही’ असं सांगणारा गिऱ्हाईक खुर्चीत बसला की मी आधी विचारतो, सोसत नाही म्हणजे नेमकं काय होतं? कारण या एका वाक्यात लोक चार वेगळ्या तक्रारी घालतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो. तुमची कोणती ते आधी ठरवा.

लक्षणं

पहिली तक्रार: दाढी करताना किंवा केल्या केल्या आग होते, कातडी लाल पडते आणि संध्याकाळपर्यंत सगळं ओसरतं.

दुसरी: दाढीच्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जबड्याच्या खाली आणि शर्टाची कॉलर घासते त्या पट्ट्यात बारीक, टणक पुटकुळ्या उठतात. उजेडात नीट पाहिलं तर एखादीच्या आत काळा केस वेटोळं घालून बसलेला दिसतो. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढं गेला की घामानं त्या चुरचुरतात.

तिसरी: एक जागा कितीही वेळा रेझर फिरवला तरी खरखरीतच राहते. बहुतेक वेळा ती कंठमण्याच्या शेजारी किंवा जबड्याच्या कोपऱ्याखाली असते. तिथंच शेवटी कापतं आणि पांढऱ्या कॉलरला रक्ताचा ठिपका लागतो.

चौथी: एकच बाजू बिघडते. डावी मान स्वच्छ, उजवी लाल. किंवा घरी दाढी केली की त्रास, सलूनमध्ये केली की नाही. उलटंही असतं, आणि तेव्हा दोष आमच्या हाताचा असतो.

पहिल्या तक्रारीत घासणं, कोरडेपणा, साबण, बोथट पातं असं काहीही असू शकतं. बाकीच्या तिन्हींत मात्र मी सगळ्यात आधी दिशा बघतो. आमच्या सोलापुरात सोरेगावच्या राज्य राखीव पोलीस दलातली पोरं येतात, त्यांना रोज गुळगुळीत दाढी लागते. त्यांच्यातला जो मान खाजवत येतो, तो जवळजवळ नेहमी गळ्यावर खालून वर रेझर ओढत असतो आणि दर आठवड्याला ब्लेडची कंपनी बदलत असतो.

आणखी एक खूण. फोड कपाळावर, पाठीवर, जिथं रेझर लागतच नाही तिथंही असतील, तर ही दाढीची भानगड नाही. पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका, सरळ शेवटच्या भागाकडं जा.

हे होतं कशामुळं

केस कातडीतून सरळ उभा निघत नाही, तिरका निघतो. ज्या बाजूला तो कललेला असतो ती त्याची दिशा. गालावर ती साधारण खाली असते. मानेवर मात्र काहीही असू शकतं: वर, कानाकडं, मधोमध कंठाकडं, आणि काहींना चक्क भोवरा, जसा डोक्यावर असतो तसा. आपण मात्र लहानपणी वडिलांना बघून जे शिकलो तेच करतो, म्हणजे गालावर खाली आणि मानेवर वर.

केसाच्या उलट पातं ओढलं की ते केसाला आधी उचलतं आणि मग कापतं. कापलेलं टोक मागं सरकून कातडीच्या पातळीखाली जातं. आता ते टोक कसं असतं ते बघा. रानात ज्वारी काढल्यावर उरलेली धसकटं पायात कशी घुसतात? विळ्यानं तिरकी कापलेली असतात म्हणून. दाढीच्या केसाचंही तेच होतं. तो वाढायला लागला की बाहेर येण्याआधी आतल्या आतच कातडीत घुसतो. केस कुरळा असेल तर बाहेर येऊनही वळतो आणि शेजारच्या कातडीत परत शिरतो. शरीर त्याला बाहेरून घुसलेला काटा समजून सूज आणतं. ती तुमची पुटकुळी. डॉक्टरी भाषेत याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात. सुरुवातीला यात जंतूंचा काही संबंध नसतो, म्हणून जंतुनाशक लोशन ओतून फरक पडत नाही.

पटत नसेल तर श्रावण पाळणाऱ्यांकडं बघा. महिनाभर दाढी नाही, आणि श्रावण संपता संपता त्यांची मान स्वच्छ झालेली असते. केस सेंटिमीटरभर लांब झाला की आत अडकलेलं टोक बरेचदा आपोआप सुटून बाहेर येतं. दाढीचा केस दिवसाला मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा वाढतो, म्हणजे एक महिना पुरेसा होतो. मग पहिल्याच दिवशी उलटा हात मारून घेतात आणि पुढच्या आठवड्यात पुटकुळ्या परत हजर. (महिन्याची दाढी थेट पात्यानं काढूही नये. आधी ट्रिमरनं किंवा कात्रीनं बारीक करून घ्यावी.)

तपासणी १: दोन दिवस थांबा आणि बोटं फिरवा

खर्च शून्य. रोज दाढी करणाऱ्याला स्वतःच्या केसांची दिशा दिसतच नाही, कारण दिसण्याइतका केस तो ठेवत नाही. शनिवार पाळणाऱ्यांची ही अडचण आपोआप सुटते. शुक्रवारी सकाळी दाढी केली असेल तर रविवारी सकाळी तपासायला योग्य खुंट हाताशी असतात.

तोंड धुवून कोरडं करा. मान सरळ ठेवा, वर करू नका. आता बोटांची टोकं एका जागेवर चार बाजूंना फिरवा: खाली, वर, कानाकडं, हनुवटीकडं. ज्या बाजूला बोट गुळगुळीत सरकतं ती केसाची दिशा, ज्या बाजूला खरखर लागते ती तिच्या उलट. बोटांना कळत नसेल तर कापसाचा बोळा घ्या. उलट दिशेनं नेला की कापसाचे तंतू खुंटांत अडकतात, सुलट नेला की अडकत नाहीत. कापूस फसवत नाही.

हे सगळं तोंडभर एकदम करू नका. भाग पाडा. कानाजवळचे कल्ले, गाल, जबड्याचा कोपरा, हनुवटी, मिशीची जागा, हनुवटीखालचा खळगा, मानेची डावी बाजू, उजवी बाजू आणि कंठमण्याचा भाग. प्रत्येक भागासाठी कागदावर बाण काढा. चित्र वाईट आलं तरी चालेल. डावी-उजवी सारखी असेल असं धरून एकच बाजू तपासू नका. चौथ्या तक्रारीचं मूळ बहुतेक याच समजुतीत असतं. कित्येकांच्या उजव्या मानेवर केस वर जातात आणि डाव्या मानेवर आडवे कानाकडं, आणि दोन्हीकडं रेझर मात्र सारखाच चाललेला असतो.

मोबाइलनं फोटो काढणाऱ्यांना एक सूचना. पुढच्या कॅमेऱ्यात चित्र आरशासारखं उलटं दिसतं. काही फोन फोटो तसाच साठवतात, काही सरळ करून साठवतात. डावं-उजवं हमखास घोटाळतं. एका गालावर पेनानं ठिपका काढून मग फोटो घ्या.

भोवरा सापडला तर घाबरू नका. कागदावर गोल काढून ठेवा, त्याचं काय करायचं ते पुढं येतं.

तपासणी २: मान वर केल्यावर बाण कुठं गेले?

इथं बरेच जण चुकतात, आणि नकाशा बरोबर काढलेले लोकही चुकतात. दाढी करताना आपण हनुवटी वर करतो, वर दुसऱ्या हातानं कातडी ताणतो. मानेची कातडी सैल असते, ती ताणली की चांगलीच सरकते. गळ्यावरची जागा जबड्याजवळ येते आणि बाणही थोडा फिरतो. म्हणून मान सरळ असताना तपासलंत तसंच, ज्या स्थितीत दाढी करता त्या स्थितीतही एकदा बोटं फिरवा. फरक वाटला तर दुसरा बाण वेगळ्या रंगानं काढा.

ताणण्याबद्दलही सांगून टाकतो. कातडी जोरात ताणून कापलं की केसाचं टोक नंतर आणखी आत जातं. ज्यांना दुसऱ्या प्रकारचा त्रास आहे त्यांनी मानेवर ताण कमी ठेवावा. सुरकुती पडणार नाही एवढाच. गुळगुळीतपणा थोडा कमी होईल. तोच आपल्याला हवा आहे.

तपासणी ३: पाणी आणि फेस

दिशा बरोबर असूनही कोरडा केस पात्याला अडतो, मग माणूस दाब देतो, आणि दाब दिला की सगळं मुसळ केरात. दाढी आंघोळीनंतर करा. केस पाणी प्यायला की मऊ होतो, आणि त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. तोंडावर पाण्याचा हबका मारून लगेच सुरुवात केली तर पाणी वरच्या वर राहतं. गरम पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल दोन मिनिटं मानेवर ठेवा. टॉवेलच्या गावात राहून तोंड रुमालानं पुसणारे लोक बघितले की मला राहवत नाही.

आता पाणी कोणतं? बोअरचं पाणी असेल तर ते जड असतं, साबणाचा फेस धरत नाही आणि कातडीवर पांढरट चिकट थर बसतो. फेस दोन मिनिटांत विरत असेल तर एकदा पिण्याच्या पाण्याच्या तांब्यात ब्रश बुडवून बघा. त्यानं फेस टिकला तर दोष क्रीमचा नव्हता. महागडी ट्यूब घ्यायच्या आधी ही तपासणी करायची, कारण ही फुकट आहे.

तपासणी ४: हात किती आणि कोणत्या बाजूनं

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून सावकाश.

पहिला हात नकाशातल्या बाणाच्या दिशेनं. सगळीकडं. म्हणजे मानेवर केस वर जात असतील तर रेझरही वर, आडवे असतील तर आडवा. ‘मानेवर कायम खाली’ असा नियम सांगणारे पुष्कळ भेटतील. तो नियम फक्त ज्यांचे केस खाली जातात त्यांच्यापुरता खरा. लहान लहान ओढी घ्या, दोन बोटांच्या रुंदीएवढ्या. रेझरचं वजन पुरतं, वरून दाब नको. एकाच जागेवर फेस नसताना परत फिरवू नका.

हात फिरवून बघा. कामाला जाण्याइतकी दाढी झाली असेल तर थांबा. मी खरंच सांगतो, थांबा. लग्नकार्य असेल तर दुसरा हात घ्या, परत फेस लावून, आणि तो आडवा, म्हणजे बाणाला काटकोनात. पूर्ण उलटा हात गालावर एखाद्याला चालतो, मानेवर ज्यांना पुटकुळ्या येतात त्यांनी तो कायमचा सोडावा.

भोवऱ्यावर एक दिशा नसतेच. तिथं गोलाच्या कडेकडेनं तीन-चार बाजूंनी छोट्या ओढी घ्यायच्या, प्रत्येक वेळी आतून बाहेर, जिकडं तो केस निघतो तिकडं. तरीही थोडी खरखर उरेल. ती राहू द्या. तिसऱ्या तक्रारीतलं रक्त नेमकं त्या उरलेल्या खरखरीच्या मागं लागून निघतं.

नंतर ओल्या तोंडावर तुरटी फिरवा. मी तुरटीला औषध म्हणून फार मानत नाही, पण परीक्षक म्हणून ती अव्वल आहे. जिथं झोंबते तिथं कातडी सोलली गेली आहे. आरशात काहीच दिसत नसलं तरी तुरटी सांगते. झोंबलेली जागा कागदावरच्या नकाशाशी ताडून बघा, बहुतेक वेळा तिथला बाण तुम्ही पाळलेला नसतो.

खात्री करायची असेल तर आधी अर्ध्या मानेवर करा. डावी बाजू नव्या पद्धतीनं, उजवी जुन्या. तीन-चार आठवडे द्या. आधीच आत गेलेले केस सुटायला तेवढा वेळ लागतो. चार दिवसांत फरक पडला नाही म्हणून सोडून देणारे सगळ्यात जास्त.

तपासणी ५: पातं

आता ब्लेड. लोक इथून सुरुवात करतात, मी इथं शेवटाकडं येतो. बोथट पातं केस ओढतं आणि आग करतं, म्हणजे पहिली तक्रार. ते बदलायचंच. पण दिशा चुकलेली असताना नवं करकरीत पातं लावलं तर ते उलटा केस आणखी खोलवर, आणखी साफ कापतं. म्हणून नवं ब्लेड लावल्यावर पुटकुळ्या वाढल्या असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात.

दोन, तीन, पाच पात्यांच्या कार्ट्रिजबद्दलही हेच. त्यांची रचनाच अशी की पहिलं पातं केस किंचित ओढून बाहेर काढतं आणि तो परत आत जायच्या आत मागचं पातं त्याला कापतं. १९७१ साली दोन पात्यांचा रेझर बाजारात आला तेव्हा याच गोष्टीची जाहिरात होती. सरळ केसाच्या माणसाला ते सुख. ज्याचे केस आत वळतात त्याला तोच त्रास. त्यानं एका पात्याच्या साध्या सेफ्टी रेझरवर यावं. तो कातडीशी साधारण तीस अंशात धरायचा आणि पहिले काही दिवस घाई करायची नाही.

तपासणी ६: सलूनमध्ये काय सांगायचं

घरी मान ठीक आणि सलूनमध्ये बिघडते, त्यांच्यासाठी. आमची सवय सुलटा हात, मग उलटा हात. कारागीर न विचारता दोन्ही मारतो, कारण गिऱ्हाईक उठताना गालावरून हात फिरवतो आणि गुळगुळीत लागलं की खूश होतो. तुम्ही बसतानाच सांगा, ‘दादा, मानेवर उलटा हात नको, आणि या बाजूचे केस आडवे आहेत.’ बोटानं दाखवा. कुणी रागावत नाही. आमच्याकडं एक नेहमीचे काका येतात, ते बसायच्या आधीच बजावतात, ‘कालपासून मान दुखालीय बे, खालून वर जाऊ नको.’ एवढं पुरतं.

आणि वस्तऱ्यात नवं अर्धं ब्लेड तुमच्यासमोर मोडून घालायला लावा. यात संकोच करू नका. वापरलेल्या पात्यावरून कावीळ बी आणि सी पसरू शकते, चामखीळ तर पसरतेच.

तपासणी ७: पातं सोडून ट्रिमर

वरचं सगळं नीट करूनही मान सुधारत नसेल तर कातडीला लागून कापणंच सोडा. ट्रिमर हजाराच्या आसपासपासून मिळतो. अर्धा ते एक मिलिमीटर खुंट राहू द्या. टोक कातडीच्या वर राहिलं की ते आतून घुसत नाही. फार कुरळे केस असलेल्यांना मी हेच आधी सुचवतो आणि त्यांचे पैसे वाचवतो. ज्यांच्या नोकरीत गुळगुळीत दाढी सक्तीची आहे त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी. ही खरी व्याधी आहे, बहाणा नाही.

इथं थांबा आणि त्वचारोगतज्ज्ञाकडं जा

पुटकुळीत पू झाला, लाली पसरत चालली, जागा गरम लागते किंवा ताप आला, तर त्याच दिवशी जा. मधुमेह असेल तर पू दिसायचीही वाट बघू नका.

गोल कडा असलेला, खाजणारा चट्टा असेल तर तो नायटा असू शकतो. त्यावर रेझर फिरवला की तो पसरतो. चट्ट्यात दाढीचे केसच गळून गुळगुळीत गोल पडला असेल तर ती चाई असण्याची शक्यता. दोन्ही ठिकाणी दिशाबिशा काही कामाची नाही. पुटकुळी बसल्यावर तिथं टणक, वाढती गाठ राहत असेल, तर दाढी बंद करून आधी दाखवा, कारण काहींच्या कातडीवर वण वाढत जातात आणि ते नंतर निघत नाहीत. आणि महिना-दीड महिना दिशा पाळूनही तेवढ्याच पुटकुळ्या येत असतील तर माझ्यासारख्याचं काम संपलं. लावायची औषधं असतात, केसच कमी करणारं लेझर असतं, पण ते कुणाला चालेल हे डॉक्टरांनी ठरवायचं.

खासगीत जायचं नसेल तर सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, जा. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, त्वचारोग विभाग आहे.

दोन गोष्टी त्याआधी करू नका. सुईनं किंवा चिमट्यानं खोदून आतला केस उपटू नका. तो मुळापासून निघाला की नवा केस परत आतूनच वाट शोधतो, शिवाय डाग राहतो. वर आलेलं वेटोळं दिसत असेल तर फक्त टोक हलकेच सोडवायचं, उपटायचं नाही. दुसरं, मेडिकलमधून ‘सगळ्याला चालणारी’ मिश्र क्रीम आणून लावू नका. तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली जाते म्हणून माणूस फसतो, मग नायटा असेल तर तो आतून फोफावतो आणि कातडी पातळ होते. आमच्या खुर्चीत बसणाऱ्या तरुण पोरांत हा प्रकार वाढलाय आणि तो दाढीच्या पुटकुळ्यांपेक्षा कितीतरी वाईट.

डॉक्टरांकडं जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, ‘पांढरी क्रीम होती’ असं सांगून उपयोग नसतो. आणि आधी दोन दिवस दाढी करू नका. त्यांनाही केस कुठल्या बाजूला चाललेत ते दिसायला हवं.